आवाज पलीकडे जात नाही

यंदा ढग महिनाभर आधीच यायला लागले. पाऊस नव्हे, नुसते ढग. सकाळी लख्ख ऊन पडायचं, वाफ्यातलं पाणी चकाकायला लागायचं, आणि दुपारी आभाळ असं झाकून जायचं की मीठ अर्धवट बसून राहायचं. मिठाच्या आगरात माणसं सापाला भीत नाहीत तेवढी ढगाला भितात. एक चांगली सर आली की महिनाभराचं मीठ पुन्हा पाणी.

तिचे सासरे आगराच्या अगदी टोकाचे सहा वाफे ओढायचे. काम दोघांचं होतं. एकानं लांब दांड्याची फळी घेऊन तळाचं मीठ बांधाकडे ओढायचं, दुसऱ्यानं ते टोपलीनं उचलून राशीवर टाकायचं. पूर्वी बाप-लेक मिळून हे करायचे. लेक बाहेर कामाला गेल्यापासून सासरे दोन्ही कामं एकटेच करायचे आणि संध्याकाळी घरी आले की भिंतीला पाठ लावून, पाय लांब करून बसायचे. बोलायचे नाहीत. टाचांच्या भेगांत मीठ गेलेलं असायचं, ते कोमट पाण्यात पाय सोडून बसायचे तेव्हा तोंडातून एक बारीक आवाज यायचा. तो आपल्याला ऐकू आलाय असं ती दाखवायची नाही.

त्या सोमवारी मुकादम तिच्या फोनदुरुस्तीच्या दुकानाशी येऊन थांबला. दुकान म्हणजे घराची पुढची खोली. खिडकीचं दार काढून तिथं आडवी फळी ठोकलेली, आत टेबल, भिंगाचा दिवा, गरम हवेची बंदूक, आणि फोन किती वीज ओढतो ते काट्याच्या तबकडीवर दाखवणारा सप्लाय.

"म्हाताऱ्याला सांग," मुकादम म्हणाला, "पुढच्या सोमवारपासून सहा वाफ्यांवर दोन माणसं दिसली पाहिजेत. नाहीतर ते वाफे मी दुसऱ्याला देतो."

"इतकी वर्षं त्यांनी ओढलेत ते."

"मी नाही कुठं म्हणतोय? मला काय हौस आहे? पण वरून मला विचारतात, टोकाचं मीठ अजून पाण्यात का? ढग काय माझं ऐकतात?" तो जायला वळला आणि परत वळला. "नवरा कधी येतोय तुझा?"

"करार संपतोय त्यांचा."

"मग बोलाव की."

ती टेबलाशी परत बसली. हे दुकान नवऱ्याचं. लग्न होऊन आली तेव्हा तो काम करताना ती नुसती शेजारी बसायची, मग दिवा धरायला लागली, मग चिमटा. एक दिवस तो म्हणाला, "आता तू उघड." आणि तिनं उघडला. आगरातल्या माणसांचे फोन आतून एकसारखेच असायचे. घाम आणि खारा वारा शिरून पट्टीवर हिरवं पडलेलं, पिना गंजलेल्या. नवरा म्हणायचा, "इथं आपण फोन दुरुस्त करत नाही, मीठ काढतो." तो गेल्यापासून पावणेदोन वर्षं ती एकटीच मीठ काढत होती.

तो गेला ते भांडून. म्हणजे भांडण असं झालंच नाही. दूरच्या बंदरावर मोठ्या यंत्रांच्या वायरिंगचं काम मिळालं होतं, तो जायला निघाला. निघायच्या सकाळी नेमका बापाचा फोन बंद पडला. हा पिशवी खांद्याला लावलेल्या अवस्थेतच टेबलाशी बसला आणि फोन उघडला. बाहेर गाडीवाला भोंगा वाजवत होता. सासरे दारात उभे राहून बघत होते. फोन चालू करून त्यानं त्यांच्या हातात दिला तेव्हा ते म्हणाले, "पोटचा पोरगा जातोय, आणि फोन जोडून देतोय." एवढंच. तो पाया पडायला वाकणार होता, तो तसाच उभा राहिला, आणि गेला.

पहिलं वर्षभर सासरे त्याचा फोन उचलायचेच नाहीत. या हंगामात उचलायला लागले. तेही आगरात, दुपारी, कारण त्याची जेवणाची सुट्टी तेव्हा असायची. बाकीच्या वेळी त्याला फोन फाटकावर जमा करावा लागायचा. रात्रपाळी नसली तर संध्याकाळी तो तिला फोन करायचा; तिनं तो पुढं केला की सासरे हात आडवा करून उठून जायचे.

मंगळवारी संध्याकाळी त्यानं केला.

"उद्या सांगायचंय," तो म्हणाला. "पुढची दोन वर्षं राहणार की जाणार. दुपारनंतर कचेरीत बोलावलंय."

"या तुम्ही," ती म्हणाली. "यात विचारायचं काय?"

"तुझं मला माहीत आहे गं."

"मग?"

"आलो तर आगरात उतरावं लागेल. बाबांच्या शेजारी उभं राहावं लागेल. त्यांना नको असेल तर कसा उभा राहू? नुसतं 'ये' म्हणाले तरी पुरे. पण उचलतात आणि कापतात. महिना झाला बघ. मी 'बाबा' म्हणतो, पलीकडे चिडीचूप. मग कट."

"उद्या दुपारी करा. मी सांगून ठेवते त्यांना."

"सांग," तो म्हणाला. त्याच्या मागे कुठल्यातरी यंत्राची घरघर चालू होती. ती घरघर तिला आता ओळखीची झाली होती. तो फोनवर नसतानाही कधीकधी ती तिला ऐकू यायची.

जेवताना ती म्हणाली, "मामंजी, उद्या दुपारी त्यांचा फोन येईल. कापू नका."

"मी कापत नाही," सासरे ताटाकडे बघत म्हणाले. "तो कापतो."

"ते कशाला कापतील?"

"ते त्याला विचार. माझा आवाज ऐकला की कापतो."

एक इकडचं सांगतो, दुसरा तिकडचं. दोघंही एकाच मुशीतले, यांच्यामध्ये पडून आपलं डोकं फोडून घेण्यात अर्थ नाही, असं तिला वाटलं. तिनं ताटं उचलली.

बुधवारी सव्वाबाराच्या सुमाराला पंपवाला आला. आगराच्या टोकाला खारं पाणी उपसायचा पंप आहे, तो चालवणारा. फोन त्यानं फळीवर जवळजवळ आपटलाच.

"हा घ्या. या फोननं माझा संसार मोडायचा ठरवलाय."

"काय झालं?"

"पंपावर असलो की बायकोचा फोन येतो. तिचं सगळं ऐकू येतं, शिव्यांसकट. माझा आवाज मात्र तिला जात नाही. दहा-बारा आकडे मोजा, की फोन बंद. ती म्हणते, मी मुद्दाम कापतो. दोन दिवस झाले, मला ताट वाढून देते आणि पाठ फिरवते."

ती हसली. "सिग्नलच्या कांड्या दिसतात का?"

"पूर्ण! फोन म्हणतो सगळं ठीक आहे."

"आणि घरी?"

"घरी झकास. तेच तर. घरी चालतो म्हणून ती माझ्यावर विश्वास ठेवत नाही."

"घराशेजारी टॉवर आहे ना," ती मागचं झाकण काढत म्हणाली. नेहमी सांगायची तसंच सांगत होती. "टॉवरचा आवाज मोठा, तो तुम्हाला कुठंही ऐकू येतो. म्हणून कांड्या पूर्ण. पण तुमच्या फोनचा घसा बसलाय. जवळून बोलला तर टॉवरला कळतं, टोकावरून बोलला तर पोचत नाही. तुमचं काही येत नाही म्हटल्यावर टॉवर थोडा वेळ वाट बघतो आणि मग तोच कापून टाकतो. तुम्हाला वाटतं तिनं कापला, तिला वाटतं तुम्ही..."

ती थांबली. झाकण हातातच राहिलं.

"काय झालं?" पंपवाला म्हणाला.

"किती वाजले?"

"साडेबारा होतील आता."

"सायकल द्या तुमची."

"अहो, पण माझा फोन..."

"फोन इथंच आहे. सायकल द्या."

आगराच्या बांधावरून टोकापर्यंत तीन किलोमीटर. वारा समोरून होता. पायडल मारताना मांड्या भरून आल्या, डोळ्यांत खारट बसत होतं, आणि डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. गिऱ्हाइकानं फळीवर फोन ठेवून हेच सांगितलं असतं, तर आपण दुसऱ्या वाक्याला ओळखलं असतं. घरात दोघंही महिनाभर हेच सांगत होते. एक म्हणतो तो कापतो, दुसरा म्हणतो ते कापतात. आपण ते भांडण म्हणून ऐकलं. फोनवाली म्हणून ऐकलंच नाही.

लांबूनच ते दिसले. वाफ्याच्या कडेला, फळी खांद्याला टेकवून, फोन कानाला लावून उभे होते. ओठ हलताना दिसण्याइतकी ती जवळ आली तेव्हा त्यांनी फोन खाली घेतला आणि त्याच्याकडे बघत राहिले.

"कापला," ती पोचताच ते म्हणाले. "आज 'बाबा, नीट ऐका' म्हणाला. आणि कापला."

तिला धाप लागली होती. तिनं आपल्या फोनवरून नवऱ्याला लावला. तिकडची घंटी दोनदा वाजली आणि बंद झाली. पुन्हा लावला तर फोन बंद. सुट्टी संपली होती. तिनं निरोप लिहिला, 'सही करू नका, बाबांचा फोन बिघडलाय, ते कापत नव्हते.' निरोप गेला, पण तिकडे पोचल्याची खूण उमटेना.

"काय चाललंय तुझं?" सासरे म्हणाले.

"तुमच्या फोनवरून मला फोन लावा. आणि बोला."

"तू इथं समोर उभी आहेस."

"मामंजी, लावा."

ती बांधावर पन्नासेक पावलं पलीकडे गेली आणि वाऱ्याकडे पाठ करून उभी राहिली. फोन वाजला. तिनं कानाला लावला. ते दिसत होते. फोन तोंडाजवळ धरून, काय बोलावं ते न कळून उभे होते. मग त्यांचे ओठ हलले. एकदाच. तिच्या कानात काही आलं नाही. साधी खरखरही नाही.

"पुन्हा बोला!" ती ओरडली.

ओठ पुन्हा हलले. तेवढेच. या वेळी तिला कळलं. ते 'ये' म्हणत होते. त्या फोनमध्ये बोलायचं म्हटल्यावर त्यांना दुसरं काही सुचलंच नव्हतं, कारण गेला महिनाभर दुपारी ते त्यात तेवढंच बोलत होते.

मग फोन कटला.

सासऱ्यांनी फोन डोळ्यांसमोर धरला. मग आपल्या अंगठ्याकडे बघितलं.

"मी दाबलं नाही," ते म्हणाले.

"माहीत आहे मला."

"तूही नाही."

"नाही."

"म्हणजे तोसुद्धा..."

तिनं मान हलवली. सासरे खाली बसले. चिखलाच्या बांधावर, टोपलीशेजारी. कामाच्या वेळेला बसलेलं तिनं त्यांना कधी बघितलं नव्हतं.

दुपारी काम टाकून ते घरी आले, तेही पहिल्यांदाच. सायकल तिनं ढकलत आणली आणि ते मागून चालत आले. दुकानात गिऱ्हाइकासाठी एक स्टूल होतं. मुलाच्या दुकानात त्या स्टुलावर ते कधी बसले नव्हते. आज बसले, गुडघे जुळवून, डॉक्टरकडे बसतात तसे.

तिनं फोन उघडला. आधी सिम बदलून बघितलं, मग अँटेनाची पट्टी आणि तिचे दोन पितळी कान पुसून घेतले. ते स्वच्छच होते. फोन सप्लायला जोडला आणि नंबर लावला. अशा वेळी फोन बाहेर जोर लावतो आणि काटा उडी मारून एका लयीत हलतो. इथं काटा वर जाऊन तिथंच थरथरत राहिला. फोन जोर लावत होता, पण तो जोर बाहेर जायला वाट नव्हती. तिनं फोनची मुख्य पट्टी भिंगाखाली घेतली.

पट्टीच्या कोपऱ्यात केसाएवढी तार आडवी गेलेली होती. तिथला मूळ तांब्याचा रस्ता कधीकाळी मिठानं खाल्लेला, आणि त्याच्यावरून ही तार टाकून कुणीतरी पूल बांधलेला. कुणीतरी म्हणजे कोण, ते तिला बघताक्षणी कळलं. तारेचं टोक आधी थोडं वळवून मग शिशाचा टाका द्यायची त्याची सवय होती. इथल्या टेबलावरचे त्याचे सगळे टाके या दोन वर्षांत एकेक करून गिऱ्हाइकांबरोबर निघून गेले होते. हा एक घरात होता आणि तिला माहीत नव्हतं.

तिनं सुईच्या टोकानं तार हळूच हलवली. टाक्याभोवती एक बारीक, काळी रेघ होती. तार हलली, टाका जागचा हलला नाही. शिसं तांब्याला धरलेलंच नव्हतं. नुसतं टेकलेलं होतं.

"मीठ शिरलंय का?" सासऱ्यांनी विचारलं.

"नाही."

"मग?"

"टाका सुटलाय."

ते स्टुलावरून पुढं झुकले. मग म्हणाले, "त्यानंच दिलेला ना?"

तिनं भिंगातून डोळा काढला नाही. "घाईत होते. टाका गार व्हायच्या आधी हात हलला की असं होतं. वरून पक्का दिसतो. वर्ष, दीड वर्ष चालतोसुद्धा."

"बाहेर गाडी उभी होती," सासरे म्हणाले. "मी दारात उभा होतो. मला वाटत होतं, उठेल, पिशवी ठेवेल. तर हा मान वर करेना." त्यांनी गुडघ्यावरचा वाळलेला चिखल नखानं खरवडला. "मी त्याला बोललो नसतो तर निवांत केलं असतं त्यानं."

"तुम्ही बोललात ते नंतर, मामंजी. टाका आधीच झाला होता."

"आधी नुसता उभा होतो ना. माझं उभं राहणं त्याला कळतं."

जुन्या टाक्यावर नवीन शिसं चढवून चाललं नसतं, तार काळी पडली होती. सगळं काढायला हवं होतं. तिनं सोल्डरिंगचं टोक तापवलं आणि तरी थोडा वेळ तशीच बसली. मग त्याचा टाका वितळवला, तार चिमट्यानं उचलली आणि पुसायच्या कापडावर टाकली. जागा साफ केली. नवी तार कापली, पात्यानं तिचं वरचं लाखेचं साल खरवडलं, टोक थोडं वळवलं. टाका दिल्यावर हात कसा धरायचा, ते त्यानंच तिला शिकवलं होतं. फुंकर मारायची नाही, श्वास घ्यायचा नाही, शिशाची चमक आपोआप मंद होईपर्यंत बोट हलवायचं नाही. तो तिचं मनगट धरून ठेवायचा. गरजेपेक्षा जास्त वेळ धरून ठेवायचा. तिनं श्वास रोखला आणि चमक मंद व्हायची वाट बघितली.

सप्लायला जोडून नंबर लावला. काटा उडाला, खाली आला, आणि लयीत हलायला लागला.

तेवढ्यात पंपवाला खिडकीत उगवला. घामानं भिजला होता. "बाई, सायकल घेऊन जाता ते जाता, मी पंपावर पायी गेलो, पायीच परत आलो. तिकडं पाणी वाहतंय." तिनं त्याचा फोन घेतला, अँटेनाचा एक कान दबून बसला होता तो टोकानं वर उचलला, पुसला, झाकण लावलं. दोन मिनिटांचं काम.

"एवढंच?" पंपवाला म्हणाला. "एवढ्यासाठी मी दोन दिवस तिची पाठ बघतोय?"

संध्याकाळी पाचाला ती आणि सासरे पुन्हा टोकावर गेले. तिथून बोलणं गेलं तरच खरं. ढग दाटून आले होते, वाफ्यांतलं पाणी शिशासारखं दिसत होतं. ती पन्नास पावलं पलीकडे गेली. या वेळी फोन कानाला लावताच सासऱ्यांचा श्वास ऐकू आला. "सूनबाई?" ते म्हणाले. ती "हं" म्हणाली. फोन कटला नाही. दोघंही बराच वेळ तसेच उभे राहिले, एकमेकांना दिसत, काही न बोलता.

तिनं बंद केला आणि लगेच सासऱ्यांच्या हातातला फोन वाजला. त्याचाच होता. पाळी संपून त्यानं फाटकावरून फोन घेतला असणार, निरोप वाचला असणार. ती धावत आली. सासऱ्यांनी बटण दाबलं, आणि तिनं शेजारून आवाज मोठा केला.

"बाबा?"

"बोल."

पलीकडे एकदम काहीच नाही. मग, "ऐकू येतंय मला. तुमचं ऐकू येतंय."

"मलाही येतंय. ओरडू नको."

"बाबा, मी सही केली."

सासरे वाफ्याकडे बघत होते. "कधी?"

"दोनला. दुपारी तुमचा फोन कटला, मग मी गेलो आणि करून टाकली. निरोप आत्ता वाचला. फाटकाच्या बाहेर उभा आहे." त्याचा आवाज थोडा चिरकला. "आता मागे घेता येत नाही. विचारून आलो. नाही म्हणाले."

"किती?"

"दोन वर्षं."

"बरं," सासरे म्हणाले. पुन्हा म्हणाले, "बरं."

"तुम्ही फोनवर काय बोलत होता, बाबा? रोज? मला काहीच यायचं नाही. काय म्हणत होता?"

तिनं सासऱ्यांच्या तोंडाकडे बघितलं. जबडा एकदा हलला.

"काय म्हणणार? वाऱ्याचं, पाण्याचं. ढग आलेत यंदा लवकर. मीठ बसत नाही. तेच आपलं."

"तेवढंच?"

"मग काय भाषण करणार होतो?"

तो थोडा हसल्यासारखा वाटला. हसला की रडला, ते नीट कळलं नाही. मग त्यानं विचारलं, "फोनला झालं काय होतं? तिला विचारा. मी स्वतः जोडून दिला होता तो. चांगला जोडला होता ना मी?"

सासऱ्यांनी फोन तिच्यापुढे केला आणि तिच्याकडे बघितलं.

"मीठ," ती म्हणाली. "मीठ शिरलं होतं. अँटेनाचे कान खाल्ले होते."

"आणि माझी तार?"

"तार शाबूत आहे तुमची."

"खरं सांगतेस?"

"इथलं मीठ तुला काय नवीन आहे," सासरे मधेच म्हणाले. "लोखंड खातं ते. तुझी तार नाही खाल्ली, हेच नशीब."

पलीकडून गाड्यांचे आवाज येत होते, माणसं फाटकातून बाहेर पडत होती, कुणीतरी त्याला हाक मारत होतं. फोन कुणीच ठेवत नव्हतं. शेवटी अंधारून आलं तेव्हा सासरे म्हणाले, "चल, बांधावरून जायचंय आम्हाला," आणि अंगठ्यानं बटण दाबलं. या वेळी खरंच त्यांनी कापला.

परतताना ते पुढं होते, ती मागं. अर्धा रस्ता झाल्यावर ते न वळता म्हणाले, "बरं केलंस."

रविवारी तिनं दुकानाच्या खिडकीला कागद लावला. 'दुपारी तीननंतर.'

सोमवारी उजाडताच ती सासऱ्यांबरोबर टोकावर गेली. साडीचा काष्टा घट्ट मारला, पायांना जुन्या ट्यूबचे तुकडे बांधले. मुकादम आठच्या सुमाराला फेरी मारत आला. आधी सासऱ्यांकडे बघितलं, मग तिच्याकडे, मग इकडेतिकडे.

"दुसरा माणूस?"

"दिसत नाही का?" सासरे म्हणाले.

"ही? हिला जमेल?"

"मी पहिल्यांदा उतरलो तेव्हा मलाही हेच विचारलं होतं. तेव्हा मुकादम तुझा बाप होता."

मुकादमानं वहीत काहीतरी लिहिलं आणि तो पुढं गेला.

तिला जमत नव्हतं. फळी पाण्याखाली जड होती, ओढली की कधी चिखलात रुतायची, कधी वरच्या वर सरकून यायची. ओढलेली रेघ साप गेल्यासारखी दिसायची. सासरे मागून टोपलीत मीठ भरत होते, त्यात चिखल यायचा, तो ते वेचून टाकायचे. एकदाही काही बोलले नाहीत, आणि ते बोलले असते तर बरं असं तिला वाटत होतं. दहा वाजेपर्यंत तळव्यांना फोड आले, अकराला फुटले. त्यात खारं पाणी गेलं तेव्हा तिला सासऱ्यांच्या तोंडून येणाऱ्या त्या बारीक आवाजाचा अर्थ कळला. भिंगाखाली केसाएवढी तार हलू न देणारे हात दांड्यावर थरथरत होते.

साडेबाराला फोन वाजला. सासऱ्यांनी हात धोतराला पुसले, फोन काढला. "बोल," म्हणाले. मग ऐकत राहिले. "हो. आहे. आपल्याच वाफ्यात. फळी ओढतेय." पुन्हा ऐकलं. "वाकडी ओढतेय. हो... अरे, मला कसं सांगता येईल तिला? मी कधी कुणाला शिकवलं? तुला तरी कुठं शिकवलं? तू बघून शिकलास."

मग ते वाफ्यात उतरले आणि तिच्याजवळ आले. तिचे दोन्ही हात दांड्यावर, चिखलानं भरलेले. तिनं ते पुसायला कमरेकडे नेले तर ते म्हणाले, "राहू दे." आणि हात लांब करून, तोंड दुसरीकडे वळवून, त्यांनी फोन तिच्या कानाशी धरला.

"हात सोलले?" तो म्हणाला.

"सोलले," ती म्हणाली.

"ऐक. मनगटानं ओढू नको. टाचा आत रोव. रोवल्या?"

"रोवल्या."

"आता फळी थोडी माझ्याकडे तिरपी कर. म्हणजे डावीकडे, पंपाच्या बाजूला. मी तिथं उभा राहायचो. आणि हातानं नाही, कमरेनं मागं ये. एक पाऊल. सावकाश. घाई करू नको, मी आहे."

तिनं कमरेनं मागं एक पाऊल घेतलं. पाण्याखाली मिठाचा थर सुटला आणि फळीबरोबर जडपणे सरकत आला. सासरेही तिच्याबरोबर एक पाऊल सरकले, फोन तसाच धरून.

"आला?" त्यानं विचारलं.

"आला."

"अजून एक."

तिनं अजून एक पाऊल घेतलं. मग अजून एक. मागं बांध होता आणि अजून बराच लांब होता. तो पलीकडून पाऊल मोजत होता, ती मागं येत होती, आणि शेजारी म्हातारा आभाळाकडे बघत, हात न हलू देता, वाफ्यातून चालत होता.